पीयूसी१९ वाढवताना आणि जपताना : नाशिकच्या कॉलेज लॅबमधल्या नोंदी

दरवर्षी एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलसाठी प्लाझ्मिड (जिवाणूच्या पेशीत वेगळा राहणारा छोटा गोल डीएनए) विकत आणायचं, परीक्षा उरकली की उरलेलं फ्रीजच्या कोपऱ्यात ढकलायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऑर्डर द्यायची, असं आमच्याकडे चालत आलेलं. यंदा ठरवलं की पीयूसी१९ हे प्लाझ्मिड एकदाच आणायचं, इथेच वाढवायचं आणि इथेच टिकवायचं. गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये उणे ८० चा फ्रीझर नाही. उणे २० चा जुना डीप फ्रीझर, घरगुती फ्रीज, ३७ अंशांचा इनक्युबेटर, हीटर नसलेला शेकर, वॉटर बाथ, कलरीमीटर, साधं मायक्रोसेंट्रिफ्यूज, जेलचा टँक आणि गॅसवरचा ऑटोक्लेव्ह, एवढंच सामान. सिन्नर, निफाड, मनमाड, मालेगावकडच्या कॉलेजांतही थोड्याफार फरकाने हेच असणार. या नोंदी तिथे हेच काम करू पाहणाऱ्यांसाठी आहेत.

सुरुवातीला कागदपत्रांचं. जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी आपल्याकडे १९८९ चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पीयूसी१९ आणि ते ज्यात वाढवायचं तो ई. कोलाय जिवाणूचा डीएच५ अल्फा वाण ही जोडी अगदी कमी जोखमीची आहे, तरी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला लेखी कळवून मगच कामाला हात घातला. हा कागद आधी करा, नंतर तो राहूनच जातो.

१ डिसेंबर

पार्सल आलं. आतला जेल पॅक पार वितळून कोमट झालेला, त्यामुळे मुलांचे चेहरे उतरले. काळजीचं कारण नव्हतं. टीई बफरमधला (ट्रिस आणि ईडीटीएच्या द्रावणातला) प्लाझ्मिड डीएनए दोन-तीन दिवस खोलीच्या तापमानाला राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. डीएच५ अल्फा स्लँटवर (ट्यूबमधल्या तिरक्या अगारवर) आले होते, तेही ठीक दिसले.

डीएनएची ट्यूब उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घ्या. प्रवासात सगळा थेंब झाकणाला चिकटलेला असतो आणि झाकण उघडताच निम्मा माल हातमोज्याला लागतो. आमच्या ट्यूबमध्ये तळाशी काहीच दिसत नव्हतं, फिरवल्यावर थेंब खाली आला. त्याचे लगेच भाग पाडले. एक भाग मायक्रोलीटरला १ नॅनोग्रॅम इतका पातळ करून रोजच्या वापराला घेतला. बाकीचे मूळ तीव्रतेचे भाग वेगवेगळ्या डब्यांत आणि वेगवेगळ्या फ्रीजमध्ये ठेवले. सगळं एकाच डब्यात ठेवू नका.

४ डिसेंबर

जिवाणू वाढवायचं एलबी माध्यम : लीटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. प्लेटसाठी अगार १५ ग्रॅम. ॲम्पिसिलिन या प्रतिजैविकाचा साठा मिलीलीटरला १०० मिलिग्रॅम, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून छोट्या ट्यूबमध्ये, उणे २० ला. माध्यमात त्याचा हजारावा भाग घालायचा, म्हणजे मिलीलीटरला १०० मायक्रोग्रॅम पडतं.

ॲम्पिसिलिन घेताना बाटलीवर ‘सोडियम सॉल्ट’ लिहिलंय का ते बघा. ट्रायहायड्रेट प्रकार साध्या पाण्यात इतक्या तीव्रतेला विरघळत नाही. पांढरा गाळ तसाच तळाशी बसतो आणि फिल्टर तुंबतो.

अगार किती थंड झाल्यावर ॲम्पिसिलिन घालायचं, याला मामांचं माप उत्तम आहे. मामा आमचे लॅब अटेंडंट, माझ्याही आधीपासून इथे आहेत. फ्लास्कचा तळ उघड्या तळहातावर टेकवायचा आणि सावकाश दहा म्हणेपर्यंत धरता आला तर घालायचं. थर्मामीटर लावून पाहिलं तेव्हा पारा ५० ते ५५ च्या मध्ये होता, आणि हवं असतं तेवढंच.

६ डिसेंबर

प्लाझ्मिडला हात लावण्याआधी नुसते डीएच५ अल्फा ॲम्पिसिलिनच्या प्लेटवर पसरून पाहिले. काहीच उगवायला नको होतं, कारण ॲम्पिसिलिनला तोंड देणारं जनुक प्लाझ्मिडवर असतं. सकाळी प्लेटभर साय धरल्यासारखी वाढ.

दोन शक्यता होत्या. एक तर ॲम्पिसिलिन मेलेलं, नाहीतर आलेल्या स्लँटवरच प्रतिकारक जिवाणू. दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या ठरवल्या. त्याच माध्यमाच्या अर्ध्या प्लेट कपाटातल्या जुन्या बाटलीतल्या ॲम्पिसिलिनने केल्या आणि अर्ध्या शेजारच्या विभागाकडून उसन्या आणलेल्या ताज्या पावडरने.

८ डिसेंबर

जुन्या पावडरवर वाढ, ताजीवर कोरी प्लेट. जिवाणू निर्दोष. बाटली नीट पाहिली तर पावडरचे पिवळसर खडे झालेले होते. सोडियम सॉल्ट हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओलं झालं की हळूहळू मोडत जातं. पावसाळाभर ती बाटली उघड्या रॅकवर होती. नवीन बाटली मागवली, येईपर्यंत काम थांबलं, एक लीटर माध्यम आणि सगळ्या प्लेट वाया गेल्या. ताजी बाटली आता सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये.

ही कोरी प्लेट निघेपर्यंत ट्रान्सफॉर्मेशन (प्लाझ्मिड पेशींत घालणं) करू नका, असं माझं ठाम सांगणं आहे. मेलेल्या ॲम्पिसिलिनवर सगळ्याच कॉलनी उगवतात, मुलं टाळ्या वाजवतात, आणि त्यातल्या एकीतही प्लाझ्मिड नसतं.

१६ डिसेंबर

कॉम्पिटंट, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या पेशी. रेडिमेड पेशी ड्राय आइसमध्ये मागवायच्या तर पेशींपेक्षा वाहतुकीचाच खर्च भारी पडतो, आणि आल्यावर ठेवायला उणे ८० लागतो. त्यामुळे कॅल्शियम क्लोराइडच्या जुन्या पद्धतीने इथेच करायच्या ठरल्या.

अडचण थंडीची. शेकरला हीटर नाही आणि या दिवसांत नाशिकला रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. बंद खोलीतही पहाटे १८-१९ च्या वर जात नाही. फ्लास्क शेकरवर ठेवून दुपारपर्यंत वाट पाहिली तर माध्यम जेमतेम धुरकट. मुलांनी शेकरभोवती बल्ब लावायचं सुचवलं. मी नको म्हटलं, आणि त्याला कारण होतं. १९९० मध्ये इनोऊ आणि सहकाऱ्यांनी जी जास्त क्षमतेची पद्धत दिली, तिच्यात पेशी मुद्दाम १८ अंशांनाच वाढवतात. थंडीत सावकाश वाढलेल्या ई. कोलाय डीएनए चांगला घेतात. त्या पद्धतीसाठी लोकांना थंड करणारा शेकर लागतो. आपल्याला पौष महिना तो फुकट देतो.

त्यांच्या बफरला मँगनीज क्लोराइड आणि पाइप्स नावाचं रसायन लागतं. आमच्याकडे पाइप्स नव्हतं, म्हणून वाढ थंडीतली आणि बफर साधा ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडचा, असा मेळ घातला.

१७ डिसेंबर

रात्रभर १९ अंशांना वाढवलेलं कल्चर सकाळी कलरीमीटरवर ०.३५ ला आलं. तिथेच थांबवलं. ०.५ च्या पुढे गेलं की या पद्धतीत पेशी निबर होतात.

मोठं थंड सेंट्रिफ्यूज नाही, तर पर्याय हा : मायक्रोसेंट्रिफ्यूजचा रोटर काढून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा, कल्चर दीड मिलीलीटरच्या ट्यूबमध्ये वाटायचं आणि कमी वेगावर, चार हजारच्या आसपास, पाच मिनिटं फिरवायचं. जोरात फिरवलं तर गोळा इतका घट्ट बसतो की सोडवताना पेशी फाटतात. कॅल्शियम क्लोराइड बर्फगार हवं, आणि गोळा पिपेटने ढवळायचा नाही. ट्यूब बर्फातच धरून बोटाने हलकेच हलवत राहायची.

बर्फ रसवंतीला पुरवणाऱ्याकडून आणला, ६० रुपयांत पुरून उरला. नुसते बर्फाचे खडे वापरू नका, त्यात पाणी घालून काला करा. कोरड्या खड्यांमध्ये ट्यूबचा बराचसा भाग हवेतच राहतो आणि आतलं पाणी म्हणावं तसं गार होत नाही.

पेशी लगेच वापरल्या नाहीत, बर्फासकट फ्रीजमध्ये रात्रभर ठेवल्या. कॅल्शियममध्ये ४ अंशांना १२ ते २४ तास मुरल्या की त्यांची क्षमता वाढते, त्यानंतर मात्र घसरत जाते.

१८ डिसेंबर

ट्रान्सफॉर्मेशन. १०० मायक्रोलीटर पेशी, १ नॅनोग्रॅम डीएनए, बर्फात अर्धा तास, ४२ अंशांना ४५ सेकंद, पुन्हा बर्फात दोन मिनिटं, मग ९०० मायक्रोलीटर साधं एलबी घालून ३७ ला एक तास. हा एक तास गाळू नका. ॲम्पिसिलिन तोडणारं एन्झाइम तयार व्हायला पेशींना तेवढी उसंत लागते.

सोबत दोन प्लेट हव्यातच : डीएनए न घातलेल्या पेशी ॲम्पिसिलिनवर (कोरी निघाली पाहिजे) आणि त्याच पेशी साध्या एलबीवर (भरून आली पाहिजे, म्हणजे पेशी जिवंत आहेत हे कळतं).

१९ डिसेंबर

दोन्ही कंट्रोल बरोबर, पण मुख्य प्लेटवर मोजून तीन कॉलनी.

पेशी जिवंत, ॲम्पिसिलिन ताजं, डीएनए चांगला. उरला वॉटर बाथ. डायलवर ४२. एका ट्यूबमध्ये पाणी भरून त्यात थर्मामीटर बुडवला आणि ट्यूब बाथमध्ये धरली, तर ३८ च्या पुढे काटा हलेना. बाथमधलं पाणी वर गार आणि तळाशी गरम होतं, आणि आम्ही ट्यूब फोमच्या तरंगत्या चकतीत ठेवत होतो. आता डायल वाढवून, पाणी ढवळून, ट्यूबमधल्या थर्मामीटरवर ४२ आलं की मगच पेशी आत जातात. डायलवर विश्वास ठेवायचा नाही.

२१ डिसेंबर

नव्या पेशी, तोच डीएनए, सुधारलेला बाथ. एक मिलीलीटरमधले १०० मायक्रोलीटर पसरले होते, त्यावर ८६ कॉलनी. म्हणजे १ नॅनोग्रॅमला ८६०, मायक्रोग्रॅमच्या हिशेबात ८.६ गुणिले १० चा पाचवा घात. विकतच्या पेशींपुढे हा आकडा लहान आहे. प्लाझ्मिड परत जिवंत करायला मात्र तो भरपूर झाला, कारण आपल्याला एक कॉलनी पुरते.

या प्लेटवर एक्स-गॅल हे निळा रंग देणारं रसायनही होतं. पीयूसी१९ मध्ये काही घातलेलं नसलं की डीएच५ अल्फाच्या कॉलनी निळ्या येतात. या वाणात आयपीटीजी (रंगाचं जनुक चालू करणारं रसायन) घातलं नाही तरी निळा रंग येतो, तेवढे पैसे वाचवा. सकाळी रंग फिका होता, प्लेट फ्रीजमध्ये ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत मोरपिशी झाला. निळेपणा हीच आमची पुढची कसोटी ठरली. साठा चांगला असेल तर सगळ्या निळ्या. ॲम्पिसिलिनवर पांढरी कॉलनी आली तर प्लाझ्मिडमध्ये काहीतरी बदललंय किंवा दुसरंच काही शिरलंय.

२ जानेवारी

नाताळच्या सुट्टीत एक प्लेट इनक्युबेटरमध्येच राहिली. प्रत्येक मोठ्या निळ्या कॉलनीभोवती पांढऱ्या टाचणीएवढ्या कॉलनींचं कडं. या उपग्रह कॉलनी. मोठ्या कॉलनीने बाहेर सोडलेलं एन्झाइम आजूबाजूचं ॲम्पिसिलिन संपवतं आणि त्या निर्धोक वर्तुळात प्लाझ्मिड नसलेल्या पेशी उगवतात. त्यातल्या काही ताज्या ॲम्पिसिलिनवर नेल्या, एकही उगवली नाही. प्लेट १६ ते १८ तासांत बाहेर काढायची आणि उचलायची ती मोठी, सुटी, निळी कॉलनी. कार्बेनिसिलिन वापरलं तर हा त्रास बराच कमी होतो, पण ते महाग आहे. वेळेत प्लेट काढणं परवडतं.

८ जानेवारी

आता प्लाझ्मिड काढायचं. किट न घेता अल्कलाइन लायसिस, बर्नबॉइम आणि डोली यांची १९७९ ची पद्धत. तीन द्रावणं. पहिल्यात ग्लुकोज, ट्रिस, ईडीटीए. दुसऱ्यात ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस (पेशी फोडणारं डिटर्जंट). तिसरं पोटॅशियम ॲसिटेट. दीड मिलीलीटर कल्चरच्या गोळ्याला अनुक्रमे १००, २०० आणि १५० मायक्रोलीटर.

सकाळच्या बॅचमध्ये जेलवर (इथे डीएनए लांबीप्रमाणे वेगळा होऊन पट्ट्यांत दिसतो) निम्म्या मुलांचं काहीच नाही आणि बाकीच्यांचा लांबलचक फराटा. दुपारच्या बॅचचं बरंच बरं. हात बदलले म्हणून असेल असं आधी वाटलं, पण सकाळच्या बॅचमधलाच एक मुलगा दुपारी पुन्हा करून बसला तर त्याचंही चांगलं आलं.

मामांनी दुसऱ्या द्रावणाची बाटली उजेडासमोर धरली तेव्हा उलगडा झाला. तळाशी पांढरे कण. थंडीत एसडीएस साखळतं. सकाळी खोलीत १७ अंश, त्यामुळे वरून घेतलेल्या द्रावणात एसडीएस नावालाच होतं आणि पेशी अर्धवट फुटत होत्या. दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि ते आपोआप विरघळलं. आता हिवाळ्यात ही बाटली वापरण्याआधी ३७ च्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची, पूर्ण नितळ झाल्याशिवाय घ्यायची नाही. सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस वेगवेगळे ठेवून त्या दिवसापुरतेच एकत्र करणं अधिक चांगलं.

फराट्याचं कारण वेगळं. दुसरं द्रावण घातल्यावर ट्यूब व्हॉर्टेक्सवर धरली की गुणसूत्राचा डीएनए तुटून त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे प्लाझ्मिडबरोबर वर येतात. फक्त उलटसुलट करायची, पाचसहा वेळा, हलक्या हाताने. आतलं मिश्रण चिकट तार धरतं आणि नितळ होतं. पाच मिनिटांच्या आत तिसरं द्रावण. जास्त वेळ ठेवलं तर प्लाझ्मिडही कायमचं उलगडतं.

११ जानेवारी

आज सगळ्यांचे पट्टे आले. डीएनए खाली आणायला अल्कोहोलऐवजी आयसोप्रोपॅनॉल वापरलं, वरच्या द्रवाच्या ०.६ ते ०.७ पट, खोलीच्याच तापमानाला. ॲब्सोल्यूट अल्कोहोलच्या परवान्याचे कागद फिरत असताना हे काम अडत नाही. ७० टक्के अल्कोहोलने एकदा धुवायला थोडंसं लागतंच, तेवढं विभागात होतं.

जेलच्या तळाशी सगळ्यांच्या रांगेत जाड धुकट ठिपका होता. तो आरएनए. टीईमध्ये आरएनए खाणारं एन्झाइम आरएनएझ ए घातल्यावर गेला. आरएनएझ स्वस्तातलं असेल तर वापरण्याआधी उकळून घ्या. त्यात मिसळलेलं डीएनए खाणारं एन्झाइम उकळल्यावर मरतं, आरएनएझ स्वतः टिकतं.

पट्टा कुठे येतो त्यावर मुलं गोंधळतात. पीयूसी१९ चे बेस पेअर २६८६, पण पीळ घातलेलं गोल प्लाझ्मिड आटोपशीर असल्याने पुढे धावतं आणि शिडीच्या (ठरावीक लांबीच्या डीएनए तुकड्यांच्या मोजपट्टीच्या) २००० च्या आसपास दिसतं. वरचा फिका पट्टा म्हणजे एका धाग्याला चीर गेलेले गोल. हिंड३ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापून सरळ केल्यावर एकच पट्टा, शिडीच्या बरोबर जागी. प्लाझ्मिड तेच असल्याची खात्री या कापलेल्या पट्ट्यावरून करायची.

१३ जानेवारी

एक गोष्ट डोक्यात अडकून राहिली होती. इनक्युबेटरमध्ये हाताने अधूनमधून हलवलेल्या फ्लास्कमधलं प्लाझ्मिड भरपूर निघालं आणि शेकरवर रात्रभर मस्त हवा खात वाढलेल्या फ्लास्कमधलं त्याच्या निम्मंही नाही. ओडी (कल्चर किती दाट आहे ते सांगणारा कलरीमीटरचा आकडा) सारखी करून घेतली तरी फरक तसाच.

कारण पुन्हा थंडीच, पण उलट्या बाजूने. पीयूसीच्या पेशीमागे शेकडो प्रती असतात, तर ज्याच्यापासून ते घडलं त्या पीबीआर३२२ च्या पंधरा-वीसच. हा फरक दोन गोष्टींमुळे आहे : प्रतींना लगाम घालणारं रॉप जनुक पीयूसीत नाही, आणि प्रतिकृतीच्या सुरुवातीच्या भागात एका अक्षराचा बदल आहे. या बदलाचा परिणाम ३७ अंश आणि त्यावर दिसतो. ३० ला तो झाकला जातो आणि प्रती पुष्कळ घटतात. आमचा शेकर तर त्याहूनही खाली.

म्हणजे जी थंडी कॉम्पिटंट पेशींना मानवते, तीच प्लाझ्मिड काढायच्या कल्चरला मारक. आता पेशी तयार करायचं कल्चर बाहेर थंडीत आणि प्लाझ्मिड काढायचं कल्चर ३७ ला, असे दोन रस्ते पक्के केले. इनक्युबेटरमध्ये शेकर मावत नाही, म्हणून ५० मिलीलीटरच्या ट्यूबमध्ये फक्त ५ मिलीलीटर कल्चर घेऊन ती आडवी ठेवतो, झाकण सैल. पसरट थरामुळे हवा मिळते. अशा कल्चरच्या दीड मिलीलीटरमधून तीन-चार मायक्रोग्रॅम निघतं.

पीबीआर३२२ वापरणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे कल्चर भरात आल्यावर क्लोरॅम्फेनिकॉल (मिलीलीटरला १७० मायक्रोग्रॅम) घालून प्रती वाढवता येतात. प्रथिनं बनणं थांबतं, पेशींची वाढ थांबते, पण या जातीचं प्लाझ्मिड वाढतच राहतं. पीयूसीला त्याची गरज पडत नाही.

१७ जानेवारी

संक्रांतीनंतर प्लाझ्मिड गळतंय का ते तपासायला घेतलं. एकाच कॉलनीचं कल्चर दोन फ्लास्कमध्ये, एकात ॲम्पिसिलिन, एकात नाही. रोज हजारात एक या प्रमाणात ताज्या माध्यमात न्यायचं. हजारपट वाढ म्हणजे साधारण दहा पिढ्या.

कॉलनी एका प्लेटवरून दुसरीवर उमटवायला मखमल लागते. रविवार कारंजाजवळच्या दुकानातून काळी सुती मखमल आणली, १२० रुपये. पॉलिस्टरची घेऊ नका, ऑटोक्लेव्हमध्ये तिचे केस चपटे होतात. प्लेटच्या मापाचा लाकडी ठोकळा सुताराकडून करून घेतला. मखमल त्यावर ताणून रबर लावायचं, साध्या एलबीवरच्या कॉलनी हलक्या दाबाने टेकवायच्या, मग तीच मखमल ॲम्पिसिलिनच्या प्लेटवर. दोन्ही प्लेटवर आधी मार्कर पेनने बाण काढून ठेवा, नाहीतर कोणती कॉलनी कुठली ते कळणार नाही.

२२ जानेवारी

ॲम्पिसिलिन नसलेल्या फ्लास्कमधल्या शंभर कॉलनींपैकी चार ॲम्पिसिलिनवर उमटल्या नाहीत. साध्या माध्यमात त्यांचं काही बिघडलं नव्हतं, उलट शेजारणींपेक्षा जरा मोठ्याच होत्या. प्लाझ्मिडचं ओझं नसलेली पेशी थोडी वेगाने वाढते. पीयूसीला पेशी विभागताना समान वाटणी करणारी यंत्रणा नाही, प्रती इकडे-तिकडे जशा पडतील तशा. प्रती भरपूर असल्याने गळती सावकाश होते, पण एकदा सुरू झाली की रिकाम्या पेशी पुढे सरकत राहतात.

ॲम्पिसिलिन असलेल्या फ्लास्कचीही खात्री धरू नका. दाट कल्चर काही तासांत सगळं ॲम्पिसिलिन तोडून टाकतं आणि मग तो फ्लास्क साध्या एलबीसारखाच होतो. म्हणून रात्रभराचं कल्चर तसंच दिवसेंदिवस पुढे ढकलायचं नाही. दर वेळी साठ्यातून प्लेटवर स्ट्रीक (सुट्या कॉलनी मिळाव्यात म्हणून ओढलेल्या रेघा), प्लेटवरून एक निळी कॉलनी, त्या कॉलनीपासून ताजं कल्चर. महिनोन्महिने प्लेटवरून प्लेटवर नेत राहायची पद्धत आम्ही बंद केली.

३ फेब्रुवारी

साठवण. उणे ८० असतं तर प्लाझ्मिड असलेल्या पेशी १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवून वर्षानुवर्षं निर्धास्त राहता आलं असतं. उणे २० ला आम्ही ग्लिसरॉल ५० टक्क्यांपर्यंत नेलं, म्हणजे द्रव गोठतच नाही आणि बर्फाचे स्फटिक पेशी फाडत नाहीत. हा साठा महिन्यांच्या हिशेबात टिकतो. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच्या वरच्या कप्प्यात यातलं काहीच ठेवू नका. बर्फ साचू नये म्हणून तो कप्पा मधून मधून स्वतःला गरम करतो.

दुसरी वाट कागदाची. डीएनए कोरडा झाला की त्याला टिकायला थंडीची गरज पडत नाही. जपानच्या रिकेन संस्थेने २००३ मध्ये उंदराचे डीएनए क्लोन कागदावर टिपकून वाटले होते. आम्ही व्हॉटमन नंबर १ कागदावर पेन्सिलने वर्तुळं काढली (बॉलपेनची शाई टीईमध्ये उतरते), प्रत्येकात ५ मायक्रोलीटर शुद्ध प्लाझ्मिड, साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, आणि झाकणाखाली वाळवलं. मग सिलिका जेलसकट झिपच्या पिशवीत. काही पिशव्या फ्रीजमध्ये, काही मुद्दाम माझ्या टेबलाच्या खणात.

९ एप्रिल

रात्री वीज गेली ती सकाळी आली. एप्रिलच्या उकाड्यात डीप फ्रीझरमधल्या सगळ्या ट्यूब घाम फुटून कोमट. दिवसभर एकेक साठा तपासला.

पुढच्या वर्षासाठी ग्लिसरॉल घालून ठेवलेल्या कॉम्पिटंट पेशी गेल्या. साध्या एलबीवर उगवतात, पण डीएनए घेत नाहीत, ॲम्पिसिलिनवर शून्य. ग्लिसरॉलमधला प्लाझ्मिड असलेल्या पेशींचा साठा जिवंत आहे, स्ट्रीकवर वाढ पूर्वीपेक्षा विरळ, सगळी निळी. त्यातून लगेच नवा साठा करून घेतला. टीईमधला डीएनए जेलवर जानेवारीत होता तसाच.

१३ एप्रिल

टेबलाच्या खणातला कागद. बाहेर ३९ अंश, खणात त्याहून फार कमी नसणार. वर्तुळ कात्रीने कापलं, चिमट्याने उचललं (बोटं लावायची नाहीत), ५० मायक्रोलीटर टीईमध्ये दहा मिनिटं भिजवलं. त्यातले ५ मायक्रोलीटर नव्याने केलेल्या पेशींमध्ये. एप्रिलमध्ये थंडीतली वाढ शक्य नाही, त्यामुळे ३७ ला वाढवलेल्या पेशी आणि दुप्पट बर्फ.

१४ एप्रिल

प्लेट निळ्या कॉलनींनी भरलेली. हिंड३ ने कापलेला पट्टा बरोबर जागी. आमच्या मते हाच या कॉलेजचा खरा साठा. ग्लिसरॉलच्या ट्यूब रोजच्या सोयीसाठी असतील, पण वीज, फ्रीझर, सुट्टी यांतलं काहीही दगा देऊ दे, कागदावरचं वर्तुळ आणि कुठूनही मिळवलेलं डीएच५ अल्फा असलं की प्लाझ्मिड परत उभं राहतं.

वापरलेल्या सगळ्या प्लेट, ट्यूब आणि फ्लास्क १२१ अंशांना अर्धा तास ऑटोक्लेव्ह करूनच धुवायला जातात. पिपेटची टोकं आधी ब्लीचमध्ये. ॲम्पिसिलिनला न जुमानणारे जिवाणू आपल्या बेसिनमधून गोदावरीच्या दिशेने जायला नकोत, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. गॅस वाचवण्यासाठी ऑटोक्लेव्ह पूर्ण भरेपर्यंत थांबतो, पण न निर्जंतुक केलेलं काही धुतलं जात नाही.

२५ एप्रिल

मालेगावच्या एका कॉलेजने मागितलं म्हणून दोन वर्तुळं साध्या पाकिटातून पाठवली, सोबत समितीच्या नोंदीची प्रत. डीएच५ अल्फाचा स्लँट त्यांचा माणूस नाशिकला आला तेव्हा घेऊन गेला. आज फोन आला. निळ्या कॉलनी आल्या, पण थोड्याच. तिथे बर्फ टिकत नाही आणि पेशी तयार करताना खोलीत ४० अंश. त्यांना सांगितलं, सध्या एका चांगल्या कॉलनीतून प्लाझ्मिड काढा, कागदावर टिपा आणि पेशी करायचं काम डिसेंबरपर्यंत थांबवा.